हेडिंग्टनचा शार्क हा कायद्याचा पराभव नव्हे

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड शहराच्या हेडिंग्टन या उपनगरात, न्यू हाय स्ट्रीटवरच्या एका साध्या घराच्या छपरात सुमारे २५ फूट लांबीचा फायबरग्लासचा शार्क १९८६ पासून रुतलेला आहे. त्याचे डोके छपराच्या आत आणि शेपटी आकाशाकडे आहे. त्याचे छायाचित्र समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरते आणि त्याच्यासोबत बहुधा एकच दावा फिरतो. तो असा: घरमालकाने परवानगी न घेता एक धोकादायक आणि निरर्थक वस्तू रातोरात छपरावर चढवली, शेजाऱ्यांवर ती लादली, प्रशासनाने अखेर हात टेकले, आणि त्यामुळे कलेच्या नावाखाली निवासी वस्तीत कोणीही काहीही उभारावे असा पायंडा पडला. या दाव्यातला परवानगीचा भाग खरा आहे. ती आधी घेतलेली नव्हती. उरलेले मुद्दे मात्र नोंदींपुढे टिकत नाहीत, आणि ते एकेक करून तपासण्याची गरज आहे, कारण सार्वजनिक शिल्पांविषयीच्या प्रत्येक वादात हेच प्रकरण चुकीच्या बाजूचा पुरावा म्हणून पुढे केले जाते.

धोक्याचा मुद्दा सर्वांत लवकर निकालात निघतो. ऑक्सफर्डच्या नगर परिषदेने सुरुवातीला सुरक्षिततेच्याच कारणावरून आक्षेप घेतला होता. अभियंत्यांनी पाहणी केली, तेव्हा शिल्पाचा भार पेलण्यासाठी छपराचा सांगाडा आधीच योग्य रीतीने मजबूत केलेला आढळला आणि शिल्प सुरक्षित ठरले. त्यानंतर परिषदेने हा आक्षेप बाजूला ठेवून नियोजन परवानगीचा, म्हणजे बांधकामाला लागणाऱ्या प्रशासनाच्या मान्यतेचा, प्रश्न पुढे आणला. म्हणजे धोक्याचा आरोप खुद्द आक्षेप घेणाऱ्यांच्याच तपासणीत गळून पडला होता.

निरर्थकतेचा आरोप अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण तो अज्ञानातून येतो आणि अज्ञान दूर करता येते. घराचे मालक बिल हाइन हे मूळचे अमेरिकन, पुढे ऑक्सफर्डच्या स्थानिक रेडिओवरचे परिचित निवेदक. त्यांनी जॉन बकली या शिल्पकाराकडून हे काम करून घेतले आणि ते ९ ऑगस्ट १९८६ रोजी, नागासाकीवरील अणुबॉम्बहल्ल्याच्या ४१व्या स्मृतिदिनी, बसवले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी दुर्घटना घडली होती आणि अमेरिकेने लिबियावर हवाई हल्ला केला होता. त्या मोहिमेतली काही विमाने ऑक्सफर्डशायरमधल्याच अपर हेफर्ड या अमेरिकी हवाई तळावरून उडाली होती. आकाशातून अचानक कोसळणाऱ्या संहारापुढे सामान्य माणसाला वाटणारी असहायता आणि संताप या शिल्पातून व्यक्त व्हावा, असे हाइन यांनी स्पष्टपणे सांगितले होते. वरून आलेली एखादी गोष्ट थेट राहत्या घराचे छप्पर फोडून आत शिरते, हे दृश्य त्या आशयाला जितके सरळ भिडते तितके दुसरे कोणते दृश्य भिडेल, हे मला सांगता येणार नाही. एखाद्याला ही अभिव्यक्ती कर्कश वाटू शकते, आणि तशी वाटण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पण तिला अर्थच नाही असे म्हणणे चुकीचे आहे.

आता कायद्याकडे वळू. इंग्लंडमध्ये परवानगीविना केलेले बांधकाम हा नियोजन नियमांचा भंग ठरतो, पण तेवढ्यावरून तो गुन्हा ठरत नाही. मालकाला नंतरही परवानगीसाठी अर्ज करता येतो, नकार मिळाल्यास अपील करता येते, आणि अंमलबजावणीची नोटीस, म्हणजे नियमभंग दूर करण्याचा आदेश, लागू होऊनही ती न पाळल्यासच गुन्ह्याचा प्रश्न येतो. हाइन यांनी याच मार्गाने अर्ज केला. १९९० मध्ये परिषदेने तो फेटाळला. त्यांनी पर्यावरण मंत्र्यांकडे अपील केले. मंत्र्यांच्या वतीने नियोजन निरीक्षकाने दोन्ही बाजू विचारात घेऊन अहवाल दिला, आणि १९९२ मध्ये शार्क राहू देण्याचा निर्णय झाला. सहा वर्षे चाललेल्या आणि लेखी कारणांसह संपलेल्या या प्रक्रियेला ‘हात टेकणे’ म्हणता येत नाही. ज्याला निर्णय पटत नसेल त्याने त्यातली कारणे खोडून काढावीत. निर्णय झालाच नाही असे भासवू नये.

आणि ती कारणे खरोखर वाचण्यासारखी आहेत. शार्क परिसराशी विसंगत आहे, हे निरीक्षकाने नाकारले नाही. उलट ही विसंगती हेतुपुरस्सर आहे, परिसराशी जुळून जाणे हा या शिल्पाचा उद्देशच नव्हता, आणि म्हणून ते त्याच जागेशी बांधलेले आहे, असे त्याने नोंदवले. हेच शिल्प कलादालनात ठेवले तर त्याचा अर्थ वेगळा होईल, हा त्याचा मुद्दा मला या संपूर्ण वादाचा गाभा वाटतो. परिषदेने हा शार्क जलतरण तलावासारख्या सार्वजनिक ठिकाणी हलवण्याची तयारी दाखवली होती. ती सूचना सद्‌हेतूने केलेली असेल, परंतु तलावावरचा शार्क हा केवळ सजावटीचा मासा झाला असता. एकसारख्या घरांची शांत रांग नसेल, तर ती शांतता भंगल्याचा अनुभवही उरत नाही. उपनगरात अशा गोष्टींना जागा नसते, असे म्हणणारे लोक ज्या नेमस्तपणाचे रक्षण करू पाहतात, त्या नेमस्तपणाविषयीच हे शिल्प बोलते.

पायंड्याची भीतीही परिषदेने त्याच वेळी मांडली होती: एकाला परवानगी दिली तर शहरभर छपरांतून शार्क आणि इतर काय काय घुसलेले दिसेल. निरीक्षकाने ती अतिशयोक्त ठरवली, कारण शार्क उभा राहिल्यापासूनच्या पाच वर्षांत तसे दुसरे एकही उदाहरण घडले नव्हते. नियंत्रणाच्या कोणत्याही व्यवस्थेने चैतन्यपूर्ण, अनपेक्षित आणि विक्षिप्त गोष्टींसाठी थोडीशी जागा ठेवलीच पाहिजे, असे त्याने पुढे लिहिले. यातला ‘थोडीशी’ हा शब्द दावा पसरवणारे वगळतात. प्रत्येक अर्ज त्याच्या गुणदोषांवर तपासला जातो, आणि नियमांचा अंमल त्या घरापुरताही संपलेला नाही: पुढे हेच घर पर्यटकांना अल्पकाळासाठी भाड्याने दिले जाऊ लागले, तेव्हा त्यासाठी नियोजन परवानगी नाही म्हणून परिषदेने कारवाई केली. शिल्पाला मिळालेली मुभा म्हणजे सरसकट सूट नव्हती, हे दाखवायला एवढे उदाहरण पुरेसे आहे.

शेजाऱ्यांचा मुद्दा मात्र मी हलका मानत नाही. दालनातले चित्र पाहायला आपण स्वतःहून जातो; समोरच्या छपरावरचा शार्क टाळण्याची सोय समोर राहणाऱ्याला नसते. सुरुवातीला विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांना अरसिक म्हणून हिणवणे अन्यायाचे आहे. परंतु प्रश्न असा असतो की ही अडचण निव्वळ नापसंतीची आहे की प्रत्यक्ष हानीची. शिल्प खासगी घरावर होते, ते घरमालकाने स्वतः करवून घेतले होते, आणि त्याची सुरक्षितता तपासली गेली होती. काळाबरोबर विसंगत वस्तूही खूण म्हणून स्वीकारली जाते, कधी प्रियही होते, आणि अनेकांच्या बाबतीत तसे घडल्याचे निरीक्षकाने १९९२ मध्येच नोंदवले होते. पहिल्या महिन्यांतल्या संतापावरून शिल्प उतरवले असते, तर हा बदल घडायला वेळच मिळाला नसता.

२०२२ मध्ये त्याच नगर परिषदेने या शार्कला शहराच्या वारसा यादीत घेतले. प्रशासनाची फजिती म्हणून ही बातमीही बरीच फिरली, पण २०१९ मध्ये निधन झालेल्या हाइन यांचे घर सांभाळणाऱ्या त्यांच्या मुलाने या नोंदीला आक्षेप घेतला होता, हे त्यासोबत क्वचितच सांगितले जाते. लोकांनी काय पाहावे हे नियोजन यंत्रणेने ठरवू नये, यासाठी वडील झगडले, आणि त्याच यंत्रणेने आता त्यांच्या शिल्पावर संरक्षणाचा शिक्का मारू नये, अशी त्याची भूमिका होती. ज्यांना हेडिंग्टनच्या शार्कविषयी खरोखर वाद घालायचा आहे, त्यांच्यासाठी आज खुला असलेला प्रश्न हा आहे. परवानगीचा प्रश्न १९९२ मध्येच कारणांसह सुटला आहे.