मिसळीच्या आधी हवा

रविवारी मिसळीला निघालो की आमची गाडी आधी पंपावर जाते, टायरमधली हवा बघायला. बायको दर वेळी म्हणते, "अहो, येताना बघू की, तिथे नंबर लागत नाही मग." पण येताना बघून उपयोग नसतो. गाडी दहा-पंधरा किलोमीटर पळली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि काट्यावर दाब तीन-चार पीएसआय जास्तच दिसतो. खरा आकडा गार टायरचा. पंप घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आहे, म्हणून हवा आधी आणि मिसळ नंतर. यावर आमच्या घरात चर्चा बंद आहे.

ही शिस्त माझ्या अंगात जन्मजात नव्हती. सातपूरला एका कारखान्यात मी २८ वर्षं इन्स्पेक्शनला काढली. काम गाडीच्याच सुट्या भागांचं. मायक्रोमीटर, गेज, टॉर्क रेंच रोज हातात. तसं बघितलं तर आपलं नाशिक गाडीवरच पोसलेलं गाव आहे. सीएटचे टायर सातपूरला बनतात, महिंद्राच्या गाड्या इथून बाहेर पडतात, आणि बॉशला, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी अजून मायकोच, डिझेलचे नोझल बनवणाऱ्यांच्या घरात आता दुसरी-तिसरी पिढी आहे. अशा गावात वाढून, गाडीच्या पार्टवर सह्या करकरून निवृत्त झालेल्या माणसाला वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी स्टेपनी बदलता येत नव्हती. तो माणूस मी.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. संगमनेरहून लग्न आटोपून परत येत होतो. गाडीत बायको आणि सासूबाई. सिन्नर सोडलं, मोहदरी घाटाच्या अलीकडे मागून डाव्या बाजूने फडफड आवाज यायला लागला. पंक्चर. दुपारचे अडीच. स्टेपनीत हवा होती, जॅक होता, पाना होता. म्हणजे कागदावर सगळं ओके. मी नटला पाना लावला आणि दाबला. हलेना. दोन्ही हातांनी दाबला. हलेना. शेवटी पान्यावर पाय देऊन उभा राहिलो, वर थोडा नाचलोसुद्धा. सासूबाई काचेतून बघत होत्या. "जावईबापू, पडाल हो," एवढंच म्हणाल्या.

पुढे पन्नास पावलांवर एक रसवंती होती. तिथला पोरगा आला, दोन मिनिटं बघत उभा राहिला आणि परत गेला. मला वाटलं कंटाळला. तो परत आला तो अडीच फुटी लोखंडी पाइप घेऊन. पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला, एका हाताने दाबला. कट्ट. नट सुटला. पाचही नट त्याने दोन मिनिटांत ढिले केले. पैसे घेतले नाहीत, मग आम्ही तिघांनी दोन-दोन ग्लास रस प्यायलो.

आता यातलं गणित मला रस्त्यावर सुचायला हवं होतं, कारण ते माझं रोजचं होतं. छोट्या गाडीच्या व्हील नटला १०० न्यूटन-मीटरच्या आसपास टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, पुरतो. टायरवाल्याने हवेच्या गनने तो ३०० पर्यंत आवळला असेल, तर पाव मीटरच्या पान्यावर तो सोडवायला १२० किलोचा भार लागतो. माझं वजन ७२. मी नाचून काय होणार? तोच दांडा पाइप लावून पाऊण मीटर केला की ४० किलोत काम होतं. २८ वर्षं टॉर्क रेंच वापरणाऱ्याला हे रसवंतीवाल्याने शिकवलं.

तेव्हापासून टायरवाल्याकडे गेलो की मी बाजूला उभा राहतो. गन फक्त नट बसवण्यापुरती, शेवटचा आवळा हातपान्याने, आणि तोही समोरासमोरचे नट धरून. "साहेब, ढिलं राहिलं तर आमची जबाबदारी नाही," असं ऐकवतात. ऐकून घेतो. पन्नासेक किलोमीटर चालवून मी स्वतः एकदा नट तपासतो. आणि हो, पाइप फक्त नट सोडवायला. आवळायला लावलात तर नटाचा बोल्ट तुटेल, मग गाडी टोचन करूनच आणावी लागेल.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: पहिली स्टेपनी रस्त्यावर बदलू नका. ती आपल्या पार्किंगमध्ये, सावलीत, चहाचा कप बोनेटवर ठेवून बदला. चाक पंक्चर नसताना बदला. त्यातच कळतं की आपल्या गाडीचा जॅक नेमका कुठल्या खाचेत बसतो, पाना कुठे दडवलाय, स्टेपनीत हवा आहे का. जॅक चुकीच्या जागी लावून खालचा पत्रा चेपलेली एक गाडी आमच्याच सोसायटीत आहे. क्रमही हातात बसतो: हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावा, आणि नट चाक जमिनीवर असतानाच ढिले करा. गाडी उचलल्यावर जोर लावलात तर चाक फिरतं, गाडी जॅकवरून घसरते. काही नव्या गाड्यांत तर स्टेपनीच नसते, त्याऐवजी हवेचा छोटा पंप आणि पंक्चरचं किट देतात. २०२० मध्ये नियम बदलला आणि हे चालायला लागलं. शोरूमवाला हे ठळक करून सांगत नाही. डिकीचा गालिचा उचलून एकदा बघा तरी.

लायसन्सच्या वेळी आपल्याला आठाचा आकडा काढायला लावतात. बोनेट उघडायची खिट्टी कुठे आहे हे कोणी विचारत नाही. माझ्या भाच्याने तीन वर्षं गाडी चालवून परवा मला फोन केला, "मामा, वायपरचं पाणी कुठे टाकतात?" हसलो, पण मनात म्हटलं, मला तरी मोहदरीपर्यंत काय येत होतं?

हवेबद्दल अजून थोडं, कारण इथे गैरसमज फार आहेत. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून हवा कमी भरणारे लोक मी रोज बघतो. उलटं आहे. हवा कमी असली की टायरची बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते-उठते, त्या चुरगळण्यानेच टायर तापतो आणि वेगात असताना फुटतो. किती भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे, त्यावर लिहिलंय. टायरवर कोरलेला हवेच्या दाबाचा आकडा ही कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो. पंपावरचा मुलगा न विचारता सगळ्यांना पस्तीस मारतो, त्यालाही आपणच सांगायचं असतं.

५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि आपण नाशिककर आता ताशी १२० च्या रस्त्यावर आलो. शहरात सिग्नल-टू-सिग्नल चालणारा टायर ज्या चुका पोटात घालतो, त्या सिमेंटच्या सरळ रस्त्यावर तासभर १२० ने पळताना घालत नाही. समृद्धीला लागण्याआधी दोन गोष्टी बघा. टायरच्या खाचांमध्ये मधूनमधून छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. आणि टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. खाच कितीही चांगली दिसो, सहा वर्षांचा टायर मी समृद्धीवर नेणार नाही. रबर वयानेही कडक होतं. ज्यांची गाडी महिन्यातून दोनदाच निघते, त्यांचे टायर असेच म्हातारे होतात.

आता घाट. सप्तशृंग गडावरून नांदुरीकडे उतरताना जळका वास आला नाही असा चैत्र जात नाही. लोक खाली येऊन क्लचला शिव्या देतात. बऱ्याचदा ते ब्रेक असतात. उतारावर गिअर चौथा-पाचवा आणि पाय सतत ब्रेकवर, मग पॅड तापतात, त्यांची पकड जाते. त्याहून वाईट म्हणजे ब्रेक ऑइल उकळतं, त्यात बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, ओल धरलेलं ऑइल लवकर उकळतं. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलायचं असतं, बाटलीत भरलेलं दिसत असलं तरी. सर्व्हिसच्या बिलात इंजिन फ्लश, पॉलिश असलं काहीबाही लावतील, त्यावर खुशाल फुली मारा. ब्रेक ऑइलवर मारू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हे एसटीचे जुने ड्रायव्हर सांगायचे आणि ते आजही खरं आहे. वास आलाच तर रुंद जागा बघून थांबा, अर्धा तास बसा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, वाकडी होते.

कसारा चढताना दुखणं वेगळं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, एसी फुल्ल, आणि टेम्परेचरचा काटा वर. एसी बंद करा आणि हीटर पूर्ण सुरू करा. मे महिन्यात हे वेडेपणाचं वाटतं, पण हीटर म्हणजे इंजिनची उष्णता आत ओढणारा छोटा रेडिएटरच. तरीही काटा लालपर्यंत गेला, तर बाजूला घेऊन इंजिन बंद. आणि रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत उकळतं पाणी दाबाखाली असतं. हात-तोंड भाजून घेतलेली माणसं मी बघितलीत. निदान पाऊण तास थांबा, मग फडकं धरून झाकण हळूहळू फिरवा. कूलंट नसेल तर बाटलीतलं पिण्याचं पाणी टाकून गाडी गॅरेजपर्यंत न्या. बोअरचं पाणी मात्र रोजच्यासाठी नको, क्षार साचतात आणि रेडिएटर आतून बुजतो. ऑइलच्या किटलीचा लाल दिवा लागला तर तेवढीही सवलत नाही. लागला तिथे इंजिन बंद. "पुढच्या गावापर्यंत जाऊ" म्हणणाऱ्यांची इंजिनं उघडावी लागतात.

इथे मला एक गोष्ट जोर देऊन सांगायची आहे. हायवेवर बंद पडलेल्या गाडीपेक्षा तिच्या मागे उभा राहिलेला माणूस जास्त धोक्यात असतो. मोहदरीला मी स्वतः काय केलं? सासूबाईंना गाडीतच बसवून ठेवलं, ऊन होतं म्हणून. आठवलं की आजही पोटात गोळा येतो. आधी माणसं बाहेर, रस्त्याकडे पाठ न करता, रेलिंगच्या पलीकडे. मग चारही इंडिकेटर, आणि लाल त्रिकोण किमान पन्नास मीटर मागे, समृद्धीसारख्या रस्त्यावर त्याहून बराच मागे. झाडाची फांदी टाकून चालत नाही, रात्री ती दिसतच नाही. चाक रस्त्याच्या बाजूचं असेल आणि मागून ट्रक सुसाट येत असतील, तर स्टेपनी बदलायचा हट्ट सोडा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन लावा, माणसांना धोका असेल तर ११२. त्या दिवशी मी दोन्हीपैकी एकही लावला नव्हता. नट सोडवण्याची मर्दुमकी चालू होती ना.

थंडीतला विषय बॅटरीचा. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा उतरला की सकाळी आमच्या पार्किंगमध्ये टक-टक-टक असे आवाज सुरू होतात. बॅटरी चार वर्षांची असेल तर ती थंडीची वाटच बघत असते. टर्मिनलवर पांढरी बुरशी दिसली तर कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा. काळी वायर आधी काढायची, शेवटी लावायची. दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट करताना लाल वायर आधी बंद बॅटरीच्या प्लसला, मग चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी वायर चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, म्हणजे ठिणगी बॅटरीजवळ पडत नाही. आणि ऑटोमॅटिक गाडीला चार जण मिळून धक्का मारू नका. आमच्या शेजाऱ्यांना आम्ही गेल्या जानेवारीत पार गेटपर्यंत ढकललं. व्यायाम झाला.

गाडीखाली पाणी दिसलं म्हणून घाबरून फोन करणाऱ्यांसाठी: उन्हाळ्यात स्वच्छ, बिनवासाचं पाणी म्हणजे एसीचं. हिरवट किंवा गुलाबी असेल तर कूलंट, काळपट चिकट असेल तर ऑइल. खाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा, सकाळी तोच सांगतो.

येत्या रविवारी सात वाजता आमच्या पार्किंगमध्ये आम्ही पाच-सहा जण आपापली चाकं काढून परत लावणार आहोत. गेल्या वेळी बायकोने पहिल्याच प्रयत्नात बावीस मिनिटांत केलं, मला सव्वीस लागली होती. इंदिरानगर, सिडको, पाथर्डी फाट्यावरचं कुणीही या. आपापला जॅक घेऊन या, कारण दुसऱ्याच्या जॅकवर शिकून उपयोग नाही. पाइप माझ्या डिकीत आहे. साडेआठपर्यंत आटपायचं, नंतर मिसळीला नंबर लागत नाही.