पडदा सोलला, पण कारणाचं काय?

आतड्याचा अडथळा समजून तातडीने पोट उघडलं आणि लहान आतडं जाड पांढऱ्या पडद्यात गुंडाळलेलं निघालं, हा लेखातला प्रसंग छान मांडलाय. या आजाराला ‘अ‍ॅब्डॉमिनल ककून’ (पोटातला कोष) हे नाव १९७८ साली मिळालं, तेही किशोरवयीन मुलींच्या केसेसवरून. त्यामुळे हा आजार त्यांचाच असा समज राहिला. तो चुकीचा आहे. पोटाचा क्षयरोग किंवा वर्षानुवर्षं चाललेलं पेरिटोनियल डायलिसिस (किडनी निकामी झाल्यावर पोटात द्रव सोडून रक्त शुद्ध करणं) यांमुळेही पडदा धरतो. डायलिसिसवाल्यांत तर ते बंद केल्यावरही त्रास सुरू होऊ शकतो, म्हणून जुनी हिस्टरी विचारायलाच हवी. लेखात याबद्दल एक ओळही नाही.

पोट अधूनमधून दुखतं, फुगतं, उलट्या होतात, मग आपोआप बरं वाटतं. असं वारंवार होत असेल तर सीटी स्कॅनमध्ये एकाच जागी गोळा झालेली आतडी दिसू शकतात. ऑपरेशनमध्ये पडदा हळूहळू सोलायचा. आतडं जिवंत असेल तर कापायचं नाही. घाईत आतड्याला भोक पडलं की खरी पंचाईत. आणि हो, काढलेला पडदा बायोप्सीला पाठवला होता का? क्षयरोग निघाला तर पुढे औषधांचा पूर्ण कोर्स लागतो.