हिरवं झालेलं एचिंग सोल्युशन संपलेलं नसतं, प्लीज ओतून देऊ नका

प्रोजेक्ट सबमिशन जवळ आलं की स्टुडंट्सच्या ग्रुपवर हा मेसेज फिरायला लागतो. घरी पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड) करताना नको असलेलं तांबं विरघळवून काढायचं, म्हणजे एचिंगचं, हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचं सोल्युशन एकदाच चालतं, हिरवं झालं की मेलं, स्लो पडलं तर अजून पेरॉक्साइड टाका, आणि काम झालं की भरपूर पाणी सोडून बेसिनमध्ये ओता. यातलं एकही वाक्य बरोबर नाही, आणि शेवटचं तर सरळ नुकसान करणारं आहे.

आधी हिरव्या रंगाचं बघू. पहिल्या बोर्डाच्या वेळी पेरॉक्साइड आणि ॲसिड मिळून तांबं विरघळवतात आणि क्युप्रिक क्लोराइड तयार होतं, तो हिरवा रंग त्याचाच. आता गंमत अशी की हे क्युप्रिक क्लोराइड स्वतःच तांबं खातं. बोर्डावरचं तांबं त्यात जातं आणि दोन्हीचं क्युप्रस क्लोराइड होतं, तेव्हा रंग काळपट तपकिरी व्हायला लागतो. म्हणजे थकलेलं सोल्युशन तपकिरी असतं, स्वच्छ पारदर्शक हिरवं म्हणजे कामाला तयार! पीसीबीच्या कारखान्यांतही क्युप्रिक क्लोराइड वापरतात आणि तेच परत परत ताजं करत राहतात.

ताजं करायला, म्हणजे क्युप्रसचं परत क्युप्रिक करायला, लागतो ऑक्सिजन आणि ॲसिड, बस. फिश टँकचा छोटा एअर पंप घ्या, प्लास्टिकची नळी सोल्युशनमध्ये सोडा आणि बारीक बुडबुडे येऊ द्या, वेळ लागतो, रात्रभर ठेवावं लागलं तरी चालेल, पण हवा फुकट आहे. पंप मात्र बरणीच्या लेव्हलपेक्षा वर ठेवा, नाहीतर लाइट गेली की सोल्युशन नळीतून उलटं पंपात येतं. आणि हे सगळं बाल्कनीत किंवा गच्चीवर, कारण ॲसिडच्या वाफेने घरातल्या लोखंडी वस्तू, टूल्स, सगळं गंजतं.

मग पेरॉक्साइड का नको? सुरुवातीला हवंच. पण तांबं भरपूर असलेल्या सोल्युशनमध्ये ते टाकलं की तांब्यामुळेच त्याचं विघटन होतं आणि बराचसा भाग नुसता फसफसून वाया जातो. दुसरं म्हणजे मेडिकलमध्ये मिळणारं पेरॉक्साइड ६ टक्क्यांचं, बाकी जवळपास सगळं पाणी, त्यामुळे दर वेळी सोल्युशन पातळ होतं आणि बरणी भरत जाते. आणि तीव्र ॲसिडमध्ये जास्त पेरॉक्साइड गेलं तर क्लोरीन वायू सुटतो, त्याने फुप्फुसांना इजा होते, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नाही!! अगदी घाई असेल तर थोडं थोडं टाका, हिरवं झालं की थांबा. पेरॉक्साइड टाकलेल्या बरणीचं झाकण घट्ट लावू नका, आत ऑक्सिजन साठून बरणी फुटू शकते.

ज्याबद्दल मेसेज काहीच बोलत नाही ते म्हणजे ॲसिड, आणि खरं तर संपतं ते हेच. हिशोब सोपा आहे. तांब्याचा थर ३५ मायक्रॉनचा असलेल्या नेहमीच्या बोर्डावर १० बाय १० सेंमीमध्ये साधारण ३ ग्रॅम तांबं असतं, सगळं काढलं तर ३० टक्क्यांच्या आसपासचं हायड्रोक्लोरिक ॲसिड १० मिली लागतं. पंप फक्त ऑक्सिजन देतो, ॲसिड तुम्हालाच टाकायचंय, गॉगल आणि ग्लोव्ह्ज घालून. कमी पडलं की बोर्डावर पांढरट थर बसतो किंवा तळाला फिकट निळा-हिरवा गाळ येतो. तो गाळ म्हणजे कॉपर ऑक्सिक्लोराइड, आपल्याकडे बागायतदार बुरशीनाशक म्हणून फवारतात तेच. (पण म्हणून बरणीतलं सोल्युशन झाडांना घालू नका, त्यात ॲसिड आहे.) काही जण ॲसिडऐवजी मीठ टाकायला सांगतात, त्याने पांढरा थर विरघळायला मदत होते पण ॲसिडची भरपाई होत नाही.

यापेक्षा फेरिक क्लोराइड (एचिंगचंच दुसरं केमिकल) बरं, असंही कोणी म्हणेल. वाफा कमी हे खरं, पण वापरलेल्या फेरिकमध्येही तेवढंच तांबं असतं आणि ते सोल्युशन हवेने इतक्या सहज परत ताजं होत नाही.

आता बेसिन. विरघळलेलं तांबं माशांना आणि पाण्यातल्या बारीक जिवांना विषारी आहे, आणि सांडपाणी शुद्ध करणारे जिवाणूही त्याने मरतात. पाणी जास्त सोडल्याने ते पातळ होतं, नाहीसं होत नाही, तांबं तेवढंच नदीत जातं. बोर्ड करत गेलं की सोल्युशन वाढतं हे खरंय, तेव्हा जास्तीचं एखाद्या मित्राला द्या, त्याला पहिल्या बोर्डापासून तयार सोल्युशन मिळेल. कोणीच नसेल तर प्लास्टिकच्या बादलीत धुण्याचा सोडा थोडा थोडा टाका, फसफस थांबेपर्यंत, तांबं निळ्या-हिरव्या गाळात खाली बसतं. तो गाळ बरणीत भरून लेबल लावा आणि कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये विचारा, त्यांचा केमिकल कचरा जिथे जातो तिथेच हाही जाऊ द्या.