मी भाडेकरू नाहीच म्हणे!

घरमालक काका खाली राहतात, आम्ही वर. जुळे सोलापूर, भाडं महिना आठ हजार. गेल्या महिन्यात जिन्यात गाठून काका म्हणाले, "अकरा महिने होत आलेत, आता एक हजार वाढवू की." आमच्या सोलापुरात हा 'की' म्हणजे विचारणं नसतं बरं का, तो पूर्णविराम असतो, बाहेरून आलेल्या माणसाला हे कळेपर्यंत त्याचे दोन-तीन हजार वाढलेले असतात.

मी हो पण म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही, "बघतो काका" म्हणून सटकलो आणि रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 उघडून बसलो. इथंच सगळं बिघडलं. ती भाषा तुम्ही वाचलीय का? एक वाक्य सुरू होतं, पानभर चालतं, आता संपलं म्हणून श्वास घ्यावा तर खाली "परंतु असे की", आणि त्याच्याही खाली "परंतु आणखी असे की". पहिल्या वाक्यात जे दिलं ते तिसऱ्यात परत घेतात.

पण कलम 11 ला आलो आणि झोपच उडाली. भाडेवाढ वर्षाला चार टक्के. आठ हजारावर चार टक्के म्हणजे 320 रुपये! बायकोला उठवून सांगितलं. ती म्हणाली, "मग हॉल गळतोय त्याचं बघ." तेही सापडलं, कलम 14. दुरुस्ती मालकाचं काम, त्यानं नाही केली तर पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, तरी हलला नाही तर आपण करून घ्यायची आणि खर्च भाड्यातून कापायचा, वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्शापर्यंत. म्हणजे 24 हजार. सोलापुरात पाऊस तो पडतो किती, पण जो काही पडतो तो आमच्या हॉलमध्ये पडतो, त्यामुळे मी मनातल्या मनात गच्चीवर वॉटरप्रूफिंग करून पण टाकलं.

मग कलम 29. योग्य कारणाशिवाय मालकाला भाडेकरूचं पाणी तोडता येत नाही. वाचून ऊर भरून आला, पण नंतर विचार केला, आमच्याकडं नळाला पाणीच चार-पाच दिवसांआड येतं, त्यात काकांनी तोडलं तर मला ते कळणार कधी?

दुसऱ्या दिवशी वकील मित्राकडं गेलो, छाती काढून. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "करार आणलास का?" दिला. वरच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, "हे काय लिहिलंय बे?" लिव्ह अँड लायसन्स. "मग तू भाडेकरू नाहीसच की. तू परवानाधारक. ते चार टक्के, ते दुरुस्तीचं कापणं, ते सगळं भाडेकरूला. तुला कलम 24. मुदत संपल्यावर घर सोडलं नाहीस तर दुप्पट पैसे."

म्हणजे 320 वरून मी थेट 16 हजारावर. आठ हजार भाडं भरणारा, महिन्याच्या पाच तारखेला मालकाला चुकवून जिना चढणारा माणूस जर भाडेकरू नाही तर मग कोण आहे हो भाडेकरू?

माझं तोंड बघून त्याला दया आली असावी. कागद उलटा करून म्हणाला, "रजिस्टर्ड नाही वाटतं?" नव्हता. स्टॅम्पपेपर आणि नोटरी. अकरा महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही असं काका म्हणाले होते, गल्लीत सगळेच म्हणतात. लागतं. कलम 55. मुदत कितीही असू दे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, वर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, मालकानं खोटं ठरवेपर्यंत. (इथं मात्र मी चालतो म्हणे!)

संध्याकाळी कलम 55 खिशात घालून खाली गेलो. काकूंनी आधी ताटात कडक भाकरी, दही आणि शेंगाचटणी वाढली. आता शेंगाचटणी खात खात समोरच्या माणसाला तीन महिने आत टाकायची भाषा कशी काढायची सांगा. तरी दही संपल्यावर मी हळूच म्हणालो, "काका, ते भाडे नियंत्रण कायद्यात..."

"1999 चा ना? 31 मार्च 2000 पासून लागू." काका म्हणाले. मी गार.

काका उठले, कपाटातून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. आत रबर लावलेल्या पावत्यांच्या गड्ड्या. नवी पेठेत काकांचं कापडाचं दुकान आहे हे मला माहीत होतं, ते भाड्याचं आहे हे नव्हतं. वडलांच्या वेळचं. भाडं महिना नव्वद रुपये. "तिथला मालक म्हणतो पाचशे करा. मी म्हटलं, चार टक्के. तीन रुपये साठ पैसे. एक पैसा जास्त देणार नाय."

"आणि मला एक हजार?"

"तू कुठं भाडेकरू हाईस?" काका अगदी प्रेमानं म्हणाले. "तू लायसन्सवाला."

शेवटी पाचशेवर तुटलं, करार रजिस्टर करायचं ठरलं, खर्च निम्मा निम्मा. मी उठणार तेवढ्यात काकांनी चष्मा पुसत विचारलं, "तुझं मराठी बरंय ना? दुकानाचा पत्रा लई गळायलाय. कलम 14 ची नोटीस लिहायची हाय. पंधरा दिवसांची."

लिहून दिली. "आपण सदर दुरुस्तीकडे हेतुपुरस्सर दुर्लक्ष करीत आहात" हे वाक्य काकांना इतकं आवडलं की त्यांनी ते दोनदा वाचायला लावलं. वर आलो तेव्हा पाऊस सुरू झाला होता आणि बायकोनं हॉलमध्ये बादली लावली होती.