कॅटकॉन निघता निघेना

गायमुखच्या चढावर गाडी दम टाकते, याचं खापर मी बरेच दिवस घोडबंदर रोडवर फोडत होतो. पण माजिवड्याच्या पुलावर भरलेली रिक्षासुद्धा पुढे जायला लागली, तेव्हा वागळे इस्टेटमधलं गॅरेज गाठलं.

मिस्त्रीने गाडी लिफ्टवर चढवून पाइपातल्या पुढच्या डब्यावर टकटक केलं. आतून खळखळ. "कॅटकॉन गेला, साहेब." कॅटकॉन म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, इंजिनाच्या धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणारी एक कॉइल मध्येच दगा देत होती. त्या सिलिंडरमधलं न जळलेलं पेट्रोल या डब्यात येऊन पेटायचं. त्यात आतली बारीक छिद्रांची सिरॅमिकची जाळी वितळली, फुटली आणि धुराची वाट अडली. इंजिनाला श्वास सोडायलाच जागा नाही, ते चढणार काय!

आता डबा काढायचा. डबा पाइपाला जोडणाऱ्या पट्टीवर, म्हणजे फ्लॅंजवर, खाडीची हवा आणि ठाण्याचा पाऊस असा काही मुरला होता की नट कुठे संपतो आणि बोल्ट कुठे सुरू होतो, हे सांगायला पुरातत्त्व खात्याचाच माणूस हवा होता. तेल मारलं, चहा झाला. पाना लावला, नट गोल झाला. मग पान्याला पाइप अडकवला आणि पाइपाला गॅरेजमधला पोरगा लटकला. कट्ट!

"निघाला!" मी ओरडलो.

"तुटला," मिस्त्री म्हणाला.

शेवटी गॅसची ज्योत लावून एकेक बोल्ट लालबुंद केला. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर मात्र आपल्या आट्यांत जो रुतून बसला, तो भाडेकरू परवडला.

मुंबईत नव्या पेट्रोल गाड्यांना हा डबा 1995 पासून सक्तीचा आहे. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. माझा उघड्यावर आल्याबरोबर बाकावरचं प्रत्येक गिऱ्हाईक तज्ज्ञ झालं. "नवा कशाला टाकता? सरळ पाइप बसवा, पिकअप बघा!" प्रत्येकाच्या मेव्हण्याने असं केलं होतं आणि प्रत्येकाचा मेव्हणा विमान चालवत होता. डब्यानंतर बसलेला दुसरा ऑक्सिजन सेन्सर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो, पीयूसीवाला नळी घालताच कार्बन मोनॉक्साइडचा आकडा बघून भुवया चढवतो आणि प्रदूषणाचा दंड 10,000 रुपयांपर्यंत जातो, यातलं काहीच त्या मेव्हण्यांच्या कानावर नव्हतं. नवाच टाकला. बिल वाचायला चष्मा लागला नाही, खुर्ची लागली.

तेवढ्यात भंगारवाला आला. त्याला कुणी बोलावलं, देव जाणे. माझ्या जुन्या सोफ्याचे पैसे देणं सोडा, तो उचलायचे उलट माझ्याकडूनच मागणारा हा माणूस, पण गंजका डबा त्याने तान्ह्या बाळासारखा दोन्ही हातांवर घेतला. आत प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. असतं ग्रॅमात, पण भाव खातं. त्याने एक आकडा सांगितला, मिस्त्रीने "मजुरीत धरतो" म्हणून वरचा सांगितला. माझ्या देखत माझ्याच वस्तूचा लिलाव चालला होता. मी डबा उचलून डिकीत टाकला.

रविवारी सकाळी वॉचमनचा फोन. भंगारवाला सोसायटीत हजर. खाली गेलो तर हा पार्किंगमध्ये ओणवा होऊन एकेका गाडीखाली डोकावतोय.

"आलात साहेब? तुमच्या डब्याचे पाचशे वाढवून देतो," तो उठून गुडघे झटकत म्हणाला. "आणि ही पांढरी कुणाची हो? हिचा पिकअप कसा आहे?"