भाताला बाप म्हणणारी माणसं

कोरियन भाषेत भाताला ‘बाप’ म्हणतात. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “मग माणसं चांगलीच असणार.” चिपळूणच्या बाईला एवढं प्रमाणपत्र पुरतं.

ती दोन महिन्यांसाठी सोलला आली आणि माझी परीक्षा सुरू झाली. आई मासेसुद्धा खात नाही. इथे किमचीत, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या लोणच्यात, खारवलेली कोळंबी, साध्याशा सारात सुक्या मासळीचं पाणी. मांस नको म्हटलं तर एकाने प्रेमाने हॅम घातलं. हॅम हे मांस नव्हे, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. आईचे तीन आठवडे दहीभातावर निघाले. शेवटी ऑफिसातल्या एकाने सुचवलं, गांगवन प्रांतात डोंगरात जॉंगसनला जा, गोंद्रेबाप खा.

गोंद्रे ही तिथल्या डोंगरातली रानभाजी. कूळ काटेरी, पण कोवळी पानं मऊ. मे महिन्यात खुडायची, उकडून वाळवायची आणि वर्षभर पुरवायची. लागेल तेव्हा भिजवून, पिळून पेरिलाचं तेल चोळायचं (हे पेरिला तुळशीच्याच भावकीतलं), तांदळावर पसरायची आणि भात शिजवायचा. पूर्वी जुनं धान्य संपलेलं आणि जव अजून शेतात, अशा दिवसांना इथे ‘जवाचा घाट’ म्हणत. तो घाट चढताना मूठभर धान्यात ही भाजी ढीगभर ढकलायची. तिथल्या आरिरांग लोकगीतातसुद्धा गोंद्रे आहे: ही भाजी सख्याइतकी गोड लागती, तर दुष्काळातही वसंत तरून गेला असता.

“म्हणजे चव नव्हतीच,” आई म्हणाली.

जॉंगसनचा बाजार 2 आणि 7 आकडा शेवटी येणाऱ्या तारखांना भरतो. आम्ही 17 तारखेला गेलो. खानावळीत जमिनीवर बैठक. आई पासष्टाव्या वर्षी सहज मांडी घालून बसली. मी आधी एक पाय दुमडला, मग दुसरा, मग दोन्ही टेबलाखाली सोडले तेव्हा ते पलीकडच्या आजोबांना लागले.

वाढणाऱ्या बाईंना इथे ‘इमो’ म्हणतात, म्हणजे मावशी, आईची बहीण. आईने हे नातं फारच मनावर घेतलं. समोर दहाबारा वाट्या आल्या. मी फोन पुढे करून एकेका वाटीचं कूळ विचारत होतो, तोवर आईने थेट मराठीत विचारलं, “खाजरी नाही ना हो? आमच्याकडे खाज मारायला शेवळांत काकडं घालतात.” इमो मान डोलावून कोरियनमध्ये बरंच काही बोलली. आईचं समाधान झालं.

मग दगडी भांड्यांत भात आला. मी ऐटीत पात-तीळ घातलेला सोया सॉस थेट भांड्यात ओतला. इमो किंचाळली. भात आधी वाडग्यात काढायचा, भांड्याला धरलेल्या खरवडीवर गरम पाणी ओतून झाकण ठेवायचं, सॉस नंतर, तोही वाडग्यात, ही शिस्त. आईने हे सगळं कुणी न सांगता केलं होतं. इमोने माझ्या हातातला चमचा घेतला आणि म्हणाली, “पिब्यो!”

“कालव म्हणतेय,” आई म्हणाली.

“तुला काय कळलं?”

“भातापुढे बसलेल्याला दुसरं काय सांगणार?”

तिचं बरोबर होतं. पिब्यो म्हणजे कालव. बिबिमबापमधला बिबिम तो हाच.

जेवण झाल्यावर आईने झाकण उघडून पाण्याचा एक घोट घेतला. “अरे, ही तर पेज!” मग इमो शेजारी येऊन बसली आणि अर्धा तास दोघी आपापल्या भाषेत खरवडीवर बोलल्या. माझ्या भांड्यात खारट सोया सॉसची पेज तयार झाली होती. आईने ती मला संपवायला लावली. अन्न टाकायचं नाही, हे इमोलाही पटलं.

निघताना आईने बाजारातून वाळलेल्या गोंद्रेच्या सहा पिशव्या घेतल्या. लहानपणी मी टाकळ्याची भाजी ताटाखाली लपवायचो, हे ती विसरली असावी असं मला तेव्हा वाटलं.

ती परत जाऊन महिना झाला. माझ्या फ्रीजरमध्ये भिजवून, पिळून, गोळे करून ठेवलेले अठरा डबे आहेत. प्रत्येकावर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: ‘टाकळा (तिथला). बुधवारी आणि शनिवारी.’