स्टीलच्या घरातले नवे सोवळे

आमच्या स्वयंपाकघरात भांड्यांची वाण आहे असे कोणी म्हणणार नाही. मांडणीवर पातेली आहेत, पातेल्यांच्या पोटात पातेली आहेत, माळ्यावर मुंजी, बारशी आणि वास्तुशांतींमधून आलेले डबे आहेत आणि त्यांतल्या प्रत्येकावर ‘सप्रेम भेट’ या शब्दांखाली देणाऱ्याचे नाव टिंबाटिंबांनी कोरलेले आहे. असे असूनही घरात मायक्रोवेव्ह आला तेव्हा वाटीभर भात गरम करण्यासाठी या ऐश्वर्यातले एकही भांडे चालणार नाही, असे त्याच्या माहितीपुस्तिकेने पहिल्याच पानावर बजावले, कारण आमची ही सारी इस्टेट स्टीलची!

आईने ओव्हनचे दार उघडून आत बोटाने टकटक केले. “अरे, याचं स्वतःचं पोट पत्र्याचं आणि आमच्या वाटीचा मात्र याला विटाळ?”

प्रश्न बिनतोड होता. धातूवरून मायक्रोवेव्हच्या लहरी परततात, म्हणून तर त्यांना कोंडून ठेवायला पेटी आतून धातूची असते. दारावरच्या जाळीची भोकेही एवढी बारीक असतात, की सुमारे 12 सेंटिमीटर लांबीची लहर त्यांतून बाहेर निसटू शकत नाही. वाटी स्टीलची असली तर याच न्यायाने लहरी वाटीवरूनच माघारी फिरतात आणि भाताला जेमतेम वरून ऊब लागते. त्यातून काट्याचे टोक, चुरगळलेली फॉईल किंवा धातूची पातळ कड आत असली, की तिथे ठिणग्या उडतात. हे सगळे मी हातवारे करून समजावले. आईने ते शांतपणे ऐकले आणि मग एकाच शब्दात निकाल लावला : “सोवळं!”

तेव्हापासून या यंत्राचे सोवळे आमच्या घरात जितके कडक पाळले जाते, तितके आजीच्या हयातीत देवघराचेही पाळले गेले नसेल. आईने भांड्यांची छाननी हाती घेतली. शोकेसमधला सोनेरी काठाचा कपबशांचा संच, ज्याला आजवर चहाचा थेंबही लागला नव्हता, तो काठावरच्या धातूपायी पहिल्याच फेरीत बाद झाला. मेलामाइनच्या ताटल्या दिसायला अगदी चिनीमातीच्या, पडल्या तरी न फुटणाऱ्या. पण त्या स्वतःच तापतात, तडकू शकतात आणि गरम अन्नात त्यांतली फॉर्माल्डिहाइडसारखी रसायने उतरू शकतात, म्हणून त्याही गेल्या. मातीचे बिनचकाकीचे बोळके पाणी शोषून बसते आणि आतल्या पदार्थाआधी आपणच भाजून निघते, म्हणून त्याची रवानगी परत विरजणाकडे झाली.

खरा संघर्ष झाला तो श्रीखंडाच्या डब्यांवरून. मराठी घरात श्रीखंड एका दुपारी संपते. डबा मात्र पिढीजात असतो. डब्यांच्या बुडाशी त्रिकोणात आकडा असतो आणि 5 हा आकडा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे त्यातल्या त्यात उष्णता सोसणारा, एवढे समजल्यावर आई चष्मा लावून एकेक डबा उताणा करू लागली. पण आकडा 5 असला तरी पातळ डबा पुन्हापुन्हा तापवण्यासाठी केलेला नसतो. त्यासाठी लहरींचे चिन्ह किंवा तसा स्पष्ट उल्लेख हवा. शिवाय तेल-तुपाचे आणि साखरेचे पदार्थ उकळत्या पाण्याच्याही पुढे तापतात आणि तिथे असला डबा मान टाकतो. डब्यांना ओव्हनबंदी झाली. घराबाहेर काढण्याचा विषय मात्र मी शहाणपणाने काढला नाही.

उरलेल्या चिनीमातीच्या आणि काचेच्या भांड्यांची परीक्षा साधी आहे. धातूचा अंशही नसलेले रिकामे भांडे आणि त्याच्या शेजारी पाण्याने भरलेला काचेचा कप ठेवून मिनिटभर ओव्हन चालवावा. पाणी गरम आणि भांडे गार राहिले तर भांडे उत्तीर्ण. भांडेच चटका देऊ लागले तर नापास. पाण्याचा कप यात केवळ साक्षीदार नसतो, कारण ओव्हन रिकामा चालवला तर लहरी शोषून घेणारे काहीच आत उरत नाही आणि त्या उलटून मॅग्नेट्रॉनवरच, म्हणजे लहरी निर्माण करणाऱ्या भागावरच, जातात. आईने ही परीक्षा इतक्या निष्ठेने घेतली, की पत्नी ऑफिसातून येऊन चहा विचारी, तेव्हा ओट्यावर कोमट पाण्याचे कप ओळीने मांडलेले असत.

चहाचेही विधिनिषेध आहेत. गुळगुळीत कपात नुसते पाणी फार वेळ तापवले, तर ते बुडबुडा न काढता 100 अंशांपलीकडे जाते आणि साखर पडताच अंगावर उसळते. म्हणून वेळ बेताचा ठेवावा आणि कपात लाकडी चमचा असू द्यावा. भरताच्या वांग्याला टोचे मारल्याशिवाय आत प्रवेश नाही. अंड्याला कवचासह कधीच नाही, कारण आत कोंडलेली वाफ ते फोडून टाकते. रडारच्या मॅग्नेट्रॉनजवळ खिशातले चॉकलेट वितळले म्हणून 1945 मध्ये ज्यांना हा शोध सुचला, त्या पर्सी स्पेन्सर यांच्या प्रयोगातही एक अंडे फुटून सहकाऱ्याच्या तोंडावर उडाले, असे सांगतात. आईला चॉकलेटचे कौतुक नाही. अंड्याची गोष्ट मात्र ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते.

परवा आत्या गाजरहलवा घेऊन आली. पॅकिंग अॅल्युमिनियमच्या डबीत, वर पुठ्ठ्याचे झाकण आणि हलव्यावर चांदीचा वर्ख. “मशीन आणलंय ना? दे की गरम करून,” असे म्हणत ती ओव्हनकडे निघाली, तशी आई आडवी आली.

“वन्सं, डबी चालत नाही.”

“मग काचेच्या वाटीत काढ.”

“वर्खही चालत नाही. चांदी आहे ती, ठिणग्या उडतील.”

आत्याने चमच्याच्या टोकाने वर्ख खरवडायला घेतला, पण तो हलव्यात अधिकच मिसळत गेला. “एवढे पैसे या वर्खाचेच मोजलेत मी,” असे ती पुटपुटली, तेव्हा आईने तिच्या हातातून डबी घेतली, गॅस पेटवला आणि हलवा वर्खासकट लोखंडी कढईत उपडा केला.